सौम्य माणसानं बांध सोडून द्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण खानापूर तालुक्यातला, कामाला बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत. वडील मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या एकट्याच्या नावावर 2 एकर 10 गुंठे भातजमीन आहे, कडेला थोडे काजू. दोघा भावांनी तोंडी वाटणी करून मध्ये बांध घातला. थोरला गावी राहतो, तोच कसतो, आणि दोन पावसाळ्यांत त्यानं बांध चारेक गुंठे इकडे सरकवला असं याचं म्हणणं. मोजणीचं नाव काढलं की भांडण. आई म्हणते, "जे सौम्य ते धन्य. सोडून दे बाळा." बहिणीचं लग्न झालंय, ती चिक्कोडीकडे असते. आता हा विचारतो, हक्क मागणं पाप आहे का? आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली ही 'धन्य' वचनं आज जगायची आहेत की नुसती रविवारी म्हणायची?

मी 32 वर्षं पाळकी, म्हणजे चर्चमध्ये पास्टरचं काम केलं, बेळगाव, निपाणी, खानापूर याच पट्ट्यात. उपदेश आठवड्यातून एक तास, बाकीचे दिवस लोकांचे बांध. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं नवल वाटलं नाही. उत्तर मात्र लांबेल, आणि त्यातलं काही तुला रुचणार नाही.

आईच्या वचनापासून सुरुवात करतो, कारण घोडं तिथंच अडलंय. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 5:5. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ते असं आहे : 'जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील.' आई पहिला अर्धा भाग म्हणते, दुसरा गाळते. जमिनीच्या भांडणात हे वचन सांगायचं आणि त्यातली जमीनच वगळायची, हे काही खरं नाही. येशूनं ते वाक्य जुन्या करारातल्या स्तोत्र 37 मधून उचललंय. ते स्तोत्र एका म्हाताऱ्या माणसाचं. मी तरुण होतो, आता म्हातारा झालो, असं तो स्वतःच सांगतो, आणि दुसऱ्याची लबाडी फळाला आलेली बघून जळफळणाऱ्या माणसाची समजूत घालतो. जमिनीचं वतन मिळण्याची गोष्ट त्यात पाच वेळा येते. मूळ हिब्रू शब्द 'एरेत्स'. त्याचा अर्थ पृथ्वी, तसाच जमीन, मुलूख असाही. गालीलात डोंगरावर बसलेल्यांच्या कानांवर तो कसा पडला असेल? त्या मुलखात करापायी, कर्जापायी जमीन गेलेली माणसं होती. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चौकात कामाची वाट बघत थांबलेले मजूर आहेत, ते काय हौसेनं उभे होते?

'वतन' हा शब्द आपल्याकडच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाटलाला, कुलकर्ण्याला, गावकामगारांना वतनं होती. कायद्यानं ती गेली, तरी जुन्या उताऱ्यांच्या गोष्टी निघाल्या की 'ती वतनातली जमीन' असं अजून ऐकू येतं. वतन म्हटलं की वरून सनद आली, आणि सनदेबरोबर गावाची चाकरीही आली. (वतनापायी डोकी फुटली नाहीत असं मी म्हणत नाही. आपल्या इतिहासात ती भरपूर फुटली.) येशू म्हणतो, ही सनद सौम्यांच्या नावानं निघाली आहे.

मग सौम्य कोण? खाली मान घालून बसणारा, असं आपण धरून चालतो. पण मत्तयानं वापरलेला ग्रीक शब्द 'प्राउस' जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मोशेला लावलाय. गणना 12:3 बघ. भूतलावर सगळ्यांत नम्र म्हणून ज्याचं नाव घेतलं, तोच मिसरचा राजा फारो याच्या तोंडावर जाऊन 'माझ्या लोकांना जाऊ दे' म्हणाला, तेही एकदा नव्हे. येशू स्वतःला सौम्य म्हणवतो, गाढवावर बसून यरुशलेमेत येताना त्याच्यासाठी हाच शब्द येतो, आणि त्यानंतर लगेच तो मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग पालथे करतो. तेव्हा सौम्य माणसाला आवाज नसतो, हे डोक्यातून काढ. त्याच्या हातात काठी नसते, एवढंच.

जमिनीबाबत शास्त्रात दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट दिसतात. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडण लागलं, तेव्हा अब्राहाम म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जातो, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे. त्यानं सोडलं. दुसरी नाबोथाची. अहाब राजानं त्याचा द्राक्षमळा मागितला, वर दुसरा चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार झाला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. त्यानं सोडलं नाही, त्यात त्याचा जीव गेला, आणि देवानं एलीया संदेष्ट्याला पाठवलं ते राजाला झापायला. नाबोथाला 'तू सौम्य का झाला नाहीस' असं कुणी विचारलं नाही.

दोन्हींत फरक काय? अब्राहाम चुलता होता, थोरला होता, जमिनीचं देवाचं वचन त्याच्याच नावानं होतं, गुरंढोरं आणि माणसं त्याच्या हाताखाली होती. ज्याच्याकडे जोर होता त्यानं हात मागे घेतला. नाबोथासमोर राजा होता. म्हणजे तुझ्या घरात हे वचन पहिल्यांदा ऐकवायचं तुझ्या थोरल्या भावाला. पण ऐकवलं कुणाला? धाकट्याला. सौम्यपणाचा उपदेश नेहमी उतारावरच्या पाण्यासारखा खालीच वाहतो. हे मी शहाणपणानं सांगत नाही. पाळकीच्या पहिल्या वर्षांत, मार खाऊन आलेल्या एका बाईला मीच 'सौम्य राहा, प्रभू बघतोय' म्हणून घरी पाठवलं होतं. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. माहेरी निघून गेली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. बरं झालं गेली. तेव्हापासून हे वचन कुणाला सांगण्याआधी मी बघतो, या दोघांत काठी कुणाच्या हातात आहे.

तेव्हा मोजणी मागणं पाप नाही. पण थांब, इथं तुझं समाधान होऊ देऊ नकोस.

ही आठ 'धन्य' वचनं वाचताना एक साधी व्याकरणाची गोष्ट लक्षात घे. 'दीन व्हा', 'शोक करा', 'सौम्य व्हा' असं यात कुठंच नाही. 'जे आत्म्याने दीन ते धन्य', अशी नुसती जाहीर सूचना आहे. पहिली आज्ञा येते ती बाराव्या ओवीत, आणि ती काय तर 'आनंद करा, उल्लास करा'. पहिल्या आणि आठव्या वचनाला फळ एकच, 'स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे', आणि तेवढंच वर्तमानकाळात. मधली सहा भविष्यातली. म्हणून ही परीक्षेची आठ कलमं समजून मी इतकी पाळली, तितकी राहिली, असा हिशेब मांडू नकोस. गावात कुणाची बाजू हरली असं सगळे म्हणतात, त्यांच्या बाजूला देव उभा आहे हे यात जाहीर केलंय. जगायचं आहे ते या बातमीवर भरवसा ठेवून. ज्याला वतनाची खात्री आहे त्याला चार गुंठ्यांसाठी खोटी साक्ष द्यावी लागत नाही, आणि चार गुंठे मागताना थरथरावंही लागत नाही.

'आत्म्याने दीन' यातला 'दीन' म्हणजे ग्रीकमध्ये हात पसरणारा, अगदी भिकारी. लूकनं तर 'आत्म्याने' हा शब्दही ठेवला नाही, सरळ 'अहो दीनांनो, तुम्ही धन्य' असं लिहिलं आणि पुढे श्रीमंतांना चार खडे बोल सुनावले. दोन्ही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाच, म्हणजे गरिबी फक्त मनातली आहे असं म्हणून कुणी तुझी सुटका करणार नाही.

शोक करणाऱ्यांचं मी फार बोलत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये नद्या फुगल्या तेव्हा एका गावात मातीच्या भिंती बसलेल्या घरात गेलो होतो. प्रार्थनेसाठी डोळे मिटणार तोच म्हातारी म्हणाली, "पास्टर, आधी ते जातं बाहेर काढू लागा की." जात्याची खालची तळी चिखलात अर्धी रुतली होती. आम्ही तिघांनी पहारीनं ती उचकटली. 'त्यांचे सांत्वन करण्यात येईल' असं शास्त्रात आहे, कोण करील ते लिहिलेलं नाही. अशा ठिकाणी करणारा देव असतो हे आम्ही शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पहार मात्र शेजाऱ्याची होती.

आता चौथं वचन, कारण तुझं प्रकरण खरं तिथं आहे. 'जे धार्मिकतेचे भुकेले व तान्हेले ते धन्य.' निपाणीकडे एका घरी गुरुवारची प्रार्थना असायची. तिथं बिडी वळणारी एक बाई मांडीवरचं सूप खाली ठेवत नसे. एकीकडे वचन ऐकायची, दुसरीकडे पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा. हजाराचा आकडा पुरा झाल्याशिवाय तिचा दिवस संपत नव्हता. मी हे वचन वाचलं. ती म्हणाली, "धार्मिकतेची भूक म्हणजे काय ओ? उपास धरायचा?" चूक तिची नव्हती. 'धार्मिकता' म्हटलं की आपल्याला पूजा-प्रार्थना, उपास-तापासच आठवतात. घरात कन्नड बायबल होतं, तेच वाचून दाखवलं : 'नीतिगे हसिदु बायारिदवरु धन्यरु.' तिचे हात थांबले. "नीती होय? म्हणजे माल घेताना आमच्या बिड्या नीट मोजा, बऱ्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढू नका, ही भूक. मग तसं सांगा की."

मूळ ग्रीक शब्द 'दिकायोसुने'. त्यात देवाशी नीट असणं आणि माणसाशी नीट वागणं दोन्ही आलं, एकातून दुसरं सोडवता येत नाही. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा आहे, एका भाषेत दडलेला अर्थ दुसरीत उघडा पडतो.

आणि आता तुझ्याकडे येतो. तू लिहिलंस, 'बहिणीचं लग्न झालंय.' हे एक वाक्य लिहून तू पुढे गेलास. मी तिथंच अडकलो.

आपण ख्रिस्ती. आपला वारसा चालतो 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं. मृत्युपत्र नसेल तर त्यात विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही, लग्न झालेली-न झालेली असाही नाही. 2 एकर 10 गुंठे म्हणजे 90 गुंठे. त्यातले 30 तुझ्या आईचे. राहिले 60, मुलं तीन, प्रत्येकाला 20. तुम्ही दोघांनी काय केलंत? 45-45 धरून मध्ये बांध घातलात. तो चार गुंठे सरकला म्हणून तुला झोप नाही, आणि मूळ बांधाच्या तुझ्या बाजूला आई-बहिणीचे 25 गुंठे पडलेत त्याची तुला खबर नाही. भाऊ तुझे चार खातो म्हणतोस. तुम्ही दोघं मिळून त्या दोघींचे 50 धरून बसलात. (वकिलाला दाखवून घे, उताऱ्यावर आणखी काही बोजा-बिजा असेल तर आकडा बदलेल. पण बहिणीचं नाव गळायचं नाही.)

हे मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. आपल्याकडे हीच रीत पडली आहे. भाऊबीजेला साडी, आणि पुढे कधीतरी हक्कसोडपत्रावर सही. बहीणही म्हणते, "मला काय करायचंय जमीन, माहेर तुटायला नको." तिला भीती घालून घेतलेली सही आणि तिनं आपणहून सोडलेला वाटा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वतन द्या. देव म्हणाला, त्या बोलतात ते बरोबर आहे. गणना 27. जमिनीच्या भांडणात देवानं इतक्या सरळ शब्दांत निकाल दिलेला मला दुसरीकडे फारसा दिसत नाही, आणि तो बायकांच्या बाजूनं आहे.

आईनं तुला 'सोडून दे' म्हटलं त्याचाही एकदा विचार कर. जिचा सगळ्यांत मोठा वाटा आहे तीच आयुष्यभर सोडत आली, म्हणून तिला तेवढंच सांगता येतं.

'शांती करणारे' यांच्याबद्दल आमच्या मंडळीतली एक गोष्ट सांगतो. बेळगावात लंडन मिशनची माणसं 1820 मध्ये आली, पुढे 1904 पासून ते काम मेथडिस्टांकडे गेलं, आणि या सगळ्या काळात इथल्या मंडळ्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही कानांनी ऐकावं लागलं. मी होतो त्या एका मंडळीत फाटकावरची पाटी रंगवायची होती. वर मराठी की वर कन्नड? तेव्हा गावातही पाट्यांना काळं फासणं चालू होतं. कुणीतरी सुचवलं, वाद नको, वचनच लिहू : 'जे शांती करणारे ते धन्य.' सगळ्यांना पटलं. मग या वचनाचं मराठी वर की कन्नड वर, यावर सात महिने गेले. पाटी पांढरा रंग मारून कोरी उभी. मी अध्यक्ष, आणि मी दर बैठकीत 'शांत राहू या, पुढच्या वेळी बघू' म्हणत होतो. त्यालाच मी शांती समजत होतो.

ग्रीकमधला तो शब्द 'शांती घडवणारे' असा आहे, नव्या करारात या रूपात एवढ्या एकाच जागी येतो. 'शांतता राखा' ही पोलिसांची पाटी झाली. घडवायला हात काळे करावे लागतात. शेवटी एका कन्नड बोलणाऱ्या आजोबांनी मला गाठलं. म्हणाले, तुम्ही मराठी, तुम्ही गप्प बसता ते आम्हाला तुमची बाजूच वाटते. खरं होतं. मी मराठी घरांत एकेकाकडे जाऊन बसलो, ते कन्नड घरांत. कुणाला काय बोचतं ते ऐकलं. एकाला पाटीचं काहीच नव्हतं, पूर्वी त्याच्या आईच्या दफनविधीला कन्नडमधून एक गीतसुद्धा म्हटलं नव्हतं, ते त्याच्या मनात होतं. पाटीचा निकाल मग पंधरा मिनिटांत लागला. फाटकाच्या दोन खांबांवर दोन वचनं लिहिली. कन्नडमध्ये तिथं शब्द आहे 'समाधान'. त्यांच्याकडे समाधान म्हणजे शांती. आपल्याकडे समाधान झालं म्हणजे मन भरलं. दोन्ही अर्थ लागू पडले तरच तडजोड टिकते, असा माझा अनुभव आहे.

दया, शुद्ध अंतःकरण, यांवर तुला रविवारी ऐकायला मिळेलच. छळाबद्दल एकच. वचनात 'धार्मिकतेकरता' ही अट आहे. उद्या मोजणीला गेलास आणि भावकीनं बोलणं टाकलं, तर तो छळ म्हणून मिरवू नकोस. आपण उद्धटपणा करायचा आणि चार शिव्या पडल्या की आठवं वचन काढायचं, हे मी मंडळीत बरंच पाहिलंय.

आता काय करायचं ते सांगतो. मोजणीचा अर्ज आत्ता करू नकोस. आधी चिक्कोडीला जा. उताऱ्याची झेरॉक्स बरोबर ने, आणि बहिणीला वर लिहिलेला हिशेब कागदावर मांडून दाखव, दाजींच्या समोर. ती काय म्हणेल ते ऐक. लगेच उत्तर मागू नकोस, महिनाभर दे. मग आईच्या घरी चौघं बसा. भावाशी बोलताना चार गुंठ्यांपासून सुरुवात केलीस तर बैठक तिथंच मोडेल. 'आपण दोघंही चुकलोय, माझ्याकडेही आई-ताईचं आहे' इथून सुरुवात कर. तो चक्रावेल. तो इतके दिवस कसत आलाय, खत-बियाणं त्यानं घातलं, बांधबंदिस्ती केली. त्याचा मोबदला हा त्याचाही न्याय आहे, तो तू आपणहून काढ. वारसा नोंद चौघांच्या नावानं होऊ दे. मग वाटण्या काय ठरतील त्याप्रमाणे मोजणी, 11-ई नकाशा (जमिनीचे तुकडे पाडताना लागणारा मोजणी खात्याचा नकाशा) आणि नोंदणी केलेलं वाटणीपत्र. तोंडी बांध पुन्हा घालू नका. भाऊ बैठकीलाच आला नाही, तर कोर्टात जाण्याला माझी हरकत नाही. फक्त अर्जात बहिणीचं आणि आईचं नाव असू दे, आणि खोटा साक्षीदार उभा करू नकोस.

पेरणीच्या आधी हे उरकलं तर बरं. एकदा भात पडलं की बांधावर कुणी कुणाचं ऐकत नाही. चिक्कोडीला जायचा दिवस ठरला की कळव. गुडघे दुखतात, तरी बसनं येईन. आईला आणणं तुझ्याकडे. भावाला मी विचारून बघतो, त्याचा बाप्तिस्मा माझ्याच हातचा आहे.